उजवीकडे वळायचं नाही

आमच्या गाडीचं चाक चालता चालता निखळणार आणि ते नेमकं ताई गाडीत असताना निखळणार, या माझ्या भीतीला घरातले सगळे ‘परीक्षेचा ताण’ म्हणत होते. परीक्षा लांब होती. अभ्यासही झालेला होता, म्हणजे बराचसा. पण शाळकरी मुलगी घाबरली की कारण एक तर परीक्षा असतं नाही तर मोबाईल. तिसरं काही असू शकतं हे मोठ्या माणसांच्या गावीही नसतं.

आणि मी भित्री नाही, हे आधीच सांगून ठेवते. यंदा आंतरशालेय वादविवादात मी पहिली आले. तोवर हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज घशात अडकायचा, आता तो मला घरात आवरावा लागतो. शाळेच्या शिपायाशी, दुधवाल्याशी आणि एकदा तर साक्षात मुख्याध्यापकांशी मी मुद्देसूद बोललेली आहे. अशा मुलीचे हातपाय ज्या आवाजाने गार पडत होते, तो आवाज साधा नव्हता.

सुरुवातीला तो अगदी गरीब होता. शेजारच्या खोलीत कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय, एवढाच. गाडीने वेग घेतला की तोही सूर चढवायचा, वेग कमी झाला की खाली यायचा. मग काही दिवसांनी गुणगुण संपली आणि घरघर सुरू झाली. आणि ही घरघर उजवीकडे वळलं की वाढायची, डावीकडे वळलं की गप्प व्हायची, जशी काही डावीकडे तिच्या ओळखीची माणसं राहत होती.

इतर घरांत अशा वेळी गाडी मेकॅनिककडे जाते. आमच्याकडे नाही. आमच्याकडे बाबा आहेत.

बाबा पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचं काम करतात. रस्त्याखाली पाइप कुठे फुटलाय हे शोधायला ते एक लांब लोखंडी कांडी जमिनीला टेकवतात, दुसरं टोक कानाला लावतात, डोळे मिटतात आणि थोड्या वेळाने बोट दाखवतात, ‘इथे खणा.’ खणलं की पाणी निघतं. लोक गर्दी करून बघतात. मी लहानपणी मैत्रिणींना सांगायचे की माझे बाबा जमिनीशी फोनवर बोलतात. पण यंदा खात्याने गळती शोधायचं यंत्र आणलं, त्याबरोबर ते चालवणारे दोन तरुण इंजिनिअर आणले, आणि बाबांना एका टेबलामागे बसवून अर्जांवर शिक्के मारायला दिले. म्हणून आईने आम्हा दोघी बहिणींना बजावून ठेवलं होतं, “सध्या त्यांच्या कानांचा विषय घरात काढायचा नाही.”

आता गाडीचा आवाज आणि कानांचा विषय वेगवेगळे कसे ठेवायचे, हे तिने सांगितलं नव्हतं.

तर एका रविवारी मेकॅनिकला गाडीकडे बोलावण्यात आलं, गाडीला मेकॅनिककडे नाही. त्याने पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. बाबांनी घरातून कांडी आणली. बाबा गुडघ्यावर बसले, कांडी चाकाच्या मध्यभागी टेकवली, कानाला लावली आणि म्हणाले, “शांतता हवी.” तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी मशीन थांबवलं. वकीलकाका जिन्यावर खोकत होते, त्यांनी खोकला तहकूब केला. मेकॅनिकने हाताने चाक फिरवलं. आधी उजवं. मग डावं. पुन्हा उजवं. बाबांनी डोळे उघडले आणि बोट दाखवलं.

“उजवं. बेअरिंग गेलंय.”

“साहेब, मला जरा डावं...” मेकॅनिकने तोंड उघडलं.

“उजवीकडे वळताना आवाज येतो की नाही?”

“येतो.”

“मग?”

मेकॅनिक हा शांत माणूस अजिबात नव्हता. एरवी तो नटबोल्टवर तासभर भाषण देतो. पण जिन्यावर अख्खी इमारत उभी असताना गिऱ्हाइकाशी वाद घालून त्याला काय मिळणार होतं? त्याने खांदे उडवले, उजवं बेअरिंग बदललं आणि गेला. त्या संध्याकाळी आम्ही चक्कर मारायला निघालो. पहिल्या उजव्या वळणावर गाडी घरघरली. कालच्याइतकीच. खरं तर थोडी जास्तच, जशी काही आराम करून ताजीतवानी झाली होती.

आईने रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी मी भौतिकशास्त्राच्या बाईंना विचारलं. बाईंनी टेबलावर पेन्सिली आडव्या ठेवल्या, त्यांवर जाडजूड पुस्तक ठेवलं आणि बोटाने ढकललं. पुस्तक सरसर सरकलं. “बेअरिंग म्हणजे हेच. चाक आणि आस यांच्यामध्ये गोळ्या असतात, त्या फिरतात म्हणून चाक अलगद फिरतं.” मग त्यांनी एक पेन्सिल काढून तिथे तुटका खडू घातला. पुस्तक खरखरलं, अडकलं, तिरकं झालं. “गोळ्या झिजल्या की घर्षण, घर्षण झालं की उष्णता. चाक डुगडुगायला लागतं. आणि तसंच दामटलं तर...” बाईंनी पुस्तक जोरात ढकललं. ते टेबलावरून खाली पडलं, थेट पहिल्या बाकावरच्या मुलीच्या पायावर. ती किंचाळली. मीही किंचाळले.

“आणि बाई, उजवीकडे वळताना आवाज वाढतो, मग खराब चाक कोणतं?”

“बस उजवीकडे वळली की तू कुणाच्या अंगावर पडतेस?”

“डावीकडच्या.”

“गाडीचं वजनही तिकडेच पडतं. मग दुखणार कोण?”

डावं! मी घरी पळत गेले. बाबा शिक्क्यांचा दिवस संपवून चहा पीत होते. मी वादविवादाच्या पद्धतीने आधी प्रस्तावना केली, मग पेन्सिली मांडल्या, मग पुस्तक ढकललं. बाबांचा चहा सांडला. ते शांतपणे म्हणाले, “मी जमिनीखालचं पाणी ऐकतो. दोन हातांवरचं चाक मला ऐकू येणार नाही?” आणि उठून आत गेले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन्सिली गोळा करून टाकल्या.

पण बाबांनी विषय सोडला नव्हता. दोन दिवस विचार करून त्यांनी तोडगा काढला. आवाज उजवीकडे वळल्यावरच येतो ना? मग उजवीकडे वळायचंच नाही!

हे मी रचून सांगत नाहीये. आमच्या घराने खरोखर उजवी बाजू सोडली. माझी शाळा फाटकातून बाहेर पडून उजवीकडे आहे. आता आम्ही डावीकडे निघायचो, पुढे पुन्हा डावीकडे, बेकरीपाशी पुन्हा डावीकडे, आणि अख्ख्या वस्तीला प्रदक्षिणा घालून आमच्याच फाटकावरून शाळेकडे जायचो. वकीलकाका तिथे पेपर वाचत उभे असायचे. एकदा जाताना हात करायचे, परत येताना पुन्हा करायचे. आठवडाभराने त्यांनी हात खाली घेणंच सोडून दिलं. मला रोज उशीर व्हायचा. बाईंनी कारण विचारलं तेव्हा मी ताठ मानेने, स्पष्ट उच्चारात सांगितलं, “आमचे बाबा उजवीकडे वळत नाहीत.” वर्ग इतका हसला की माझी वादविवादाची सगळी अब्रू त्या एका वाक्यात धुऊन निघाली. अजूनही मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, ‘डावीकडून ये गं.’

मी हसण्यावारी नेलंही असतं. पण सकाळच्या त्या प्रदक्षिणांत मला आता डावीकडे वळतानाही खालून काहीतरी ऐकू यायला लागलं होतं. मी पुढे डाव्या बाजूला बसते, म्हणजे बरोबर त्या चाकाच्या डोक्यावर. तळव्यांना बारीक कंप जाणवायचा. मी पाय वर उचलून बसायचे, जसं काही माझ्या पायांचं वजन कमी झाल्यावर चाकाला बरं वाटणार होतं.

त्यात शेजाऱ्यांचे सल्ले. शिवणवाल्या मावशी टाचणी ओठांत धरून म्हणाल्या, “आमच्या ह्यांच्या गाडीचं चाक असंच निघालं होतं. आम्ही आपले गाडीत, आणि चाक आमच्या पुढे धावतंय. मी म्हटलं, अहो, ते चाक आपल्याच गाडीचं दिसतंय!” त्या खदखदा हसल्या. वकीलकाकांनी कायदेशीर बाजू मांडली, “चाक निघून कुणाला लागलं, तर जबाबदार मालकच. चाक फरार झालं तरी.” मग मला भेदरलेली पाहून म्हणाले, “एवढं घाबरायचं नाही. रेडिओचा आवाज वाढवायचा.”

एवढ्यावरही मी तग धरला असता. पण ताई आमच्याकडे बाळंतपणाला आली होती. तिचे ‘अहो’ मालवाहू बोटीवर नोकरीला, पार समुद्राच्या मध्यात. हॉस्पिटल नदीपलीकडे. आणि पुलावर चढायचा रस्ता गोल फिरत वर जातो, सबंध उजवीकडे. त्याला डावा पर्याय नाही. बाबांनी एक शोधून काढला होता म्हणा, दगडांच्या खाणीतून जाणारा. पण ताईला त्यातून नेलं असतं तर बाळ वाटेतच उतरलं असतं.

“टॅक्सी करू या,” मी म्हटलं.

“मी घरात असताना माझी लेक टॅक्सीने जाणार?” बाबा म्हणाले. ते रागावले असते तर मी लढले असते. पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता, टेबलामागे बसलेल्या माणसाचा होता.

मग मी वाहतूक मदतकेंद्राला फोन केला. बाथरूममध्ये, नळ सोडून.

“एक धोकादायक गाडी रस्त्यावर फिरतेय,” मी म्हटलं.

“कुणाची?”

“आमची.”

“चोरीला गेलीय का?”

“नाही, खाली उभी आहे.”

“मग अपघात झालाय?”

“अजून नाही.”

“झाला की फोन करा. अपघाताला वेगळा विभाग आहे.”

“पण मला तो व्हायच्या आधी थांबवायचाय!”

“त्याला विभाग नाही,” पलीकडची बाई म्हणाली. आणि मग जरा मऊ आवाजात, “परीक्षा आहे का गं तुझी?”

त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही. डोळे मिटले की चाक दिसायचं. ते पुलावरून एकटंच खाली जात असायचं, घाई नसल्यासारखं, आणि वर आमची गाडी तिरकी होऊन कठड्याकडे सरकत असायची. मागच्या सीटवर ताई दोन्ही हात पोटावर ठेवून बसलेली.

आणि दिलेल्या तारखेच्या आधीच, भर दुपारी, ताईने स्वयंपाकघराच्या दाराची चौकट घट्ट धरली आणि म्हणाली, “आई गं.”

मग जे व्हायचं तेच झालं. आई पिशवी शोधायला लागली, जी आईच्याच खांद्यावर होती. मी रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसरीकडे गेलेली, यायला वेळ लागेल म्हणाले. बाबा किल्ली घेऊन खाली उतरलेसुद्धा. मी जिन्यावरून ओरडत होते, “बाबा, या गाडीतून नको!” शेवटी मी फाटकाच्या मधोमध हात पसरून उभी राहिले. शिवणवाल्या मावशी खिडकीत आल्या. वकीलकाका गॅलरीत आले. मी मुद्दे मांडायला सुरुवात केली, पहिला मुद्दा घर्षण...

“मला आधी बसू दे,” ताई दात आवळून म्हणाली, “मग भांडा सगळे.”

ती बसली. तिला एकटीला त्या गाडीत जाऊ देणं मला शक्य नव्हतं. मी चाकाच्या डोक्यावर जाऊन बसले.

पुलापर्यंत बाबांनी गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला आमच्याकडे काळजीने बघत पुढे गेला. मग तो गोल रस्ता आला. बाबांनी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. घरघर नव्हती ती. जात्यात कुणी खडे दळावेत, तशी ती करकर होती आणि ती पायांतून वर चढत माझ्या दातांपर्यंत आली. रिकामा तवा आचेवर विसरल्यावर येतो तसा वास आला. स्टिअरिंग बाबांच्या हातांत थडथडत होतं. कठड्यापलीकडे खाली, फार खाली, नदीचं पाणी चमकत होतं. मागून मोठमोठे ट्रक हॉर्न वाजवत चढत होते.

“थोडंच राहिलंय,” बाबा म्हणाले. “वर पोचलो की रस्ता सरळ आहे.”

मला ओरडायचं होतं. पहिल्या नंबरचा आवाज होता ना माझ्याकडे! पण तो आलाच नाही. जे बाहेर पडलं ते मलाच धड ऐकू आलं नाही.

“बाबा, मला खूप भीती वाटतेय.”

ट्रकचे हॉर्न, ती करकर, ताईचं कण्हणं, आईचं पुटपुटणं. एवढ्या गदारोळात ते कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि गाडी कडेला घेऊन थांबवली.

मी उतरून चाक पाहिलं. ते आतल्या बाजूला कलून उभं होतं, पाय मुरगळलेल्या माणसासारखं, आणि त्याच्या मध्यातून धूर निघत होता.

आता माझा आवाज परत आला. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि जे पहिलं मोठं वाहन आलं ते हात पसरून थांबवलं. ती शहर बस होती.

“इथे थांबा नाही,” कंडक्टर दारातून म्हणाला.

“माझी ताई बाळंत होतेय!”

“मग हॉस्पिटलला न्या.”

“तिकडेच जातेय ना तुमची बस!”

“जाते. पण थांबा पुलाच्या खाली आहे.”

“अरे बाबा,” पहिल्या सीटवरच्या आजी कडाडल्या, “तिला खाली पाठवतोस का उतरून? चल, हात दे तिला!” त्या स्वतःच उठल्या. मग अख्खी बस उठली. ताईला लांब सीटवर आडवं केलं गेलं आणि चारही बाजूंनी सल्ले सुरू झाले. श्वास धरून ठेव. श्वास सोड. पाणी द्या. पाणी मुळीच देऊ नका. कंडक्टरने तिकिटं फाडलीच. “हॉस्पिटलच्या अलीकडचा थांबा की पलीकडचा?” आई त्याला जे म्हणाली ते मी तिच्या तोंडून याआधी कधी ऐकलं नव्हतं. ड्रायव्हरने मधला एकही थांबा घेतला नाही आणि बस थेट हॉस्पिटलच्या आत घातली. रखवालदार शिट्टी फुंकत मागे धावत होता.

बाबा पुलावरच राहिले होते. मागच्या काचेतून मला ते दिसत होते, धुरकट गाडीशेजारी उभे, हात खाली सोडलेले. मग बस वळली.

बाळ झालं. मुलगी. ताई ठीक होती, थकलेली आणि जरा रुसलेली, कारण बसमधल्या अनोळखी बाईने तिला ‘एवढं काय त्यात’ म्हटलं होतं. आई आत होती. मी बाहेर बाकावर बसले होते तेव्हा बाबा आले. चालत आले होते. शर्टाला काळे डाग. माझ्याशेजारी बसले.

“ओढून नेणारी गाडी आली,” ते म्हणाले. “त्यांनी आपली गाडी उचलायला सुरुवात केली, हातभर वर आली असेल, आणि चाक पडलं. आपोआप. कुणी हातही लावला नव्हता.” त्यांनी शर्टावरचा एक काळा डाग बोटाने घासला. “उतारावरून गेलं. मी बघत होतो. कुणाला लागलं नाही. कठड्यावर आपटून थांबलं.”

माझ्याकडे ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य तयार होतं, आठवडाभर घासूनपुसून ठेवलेलं. ते कुठे गेलं कोण जाणे. कारण बाबांनी तळहात मांडीवर उलटे ठेवले होते आणि ते हात थरथरत होते. बाबांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगते, धूर निघणाऱ्या चाकापेक्षा मला ते जास्त भीतिदायक वाटलं.

“डावं होतं,” बाबा म्हणाले.

“हो.”

“आईला चाकाचं सांगू नकोस. आज नको.”

“नाही सांगत.”

दार उघडलं आणि नर्स एक गुंडाळी घेऊन आली. तिच्यातून एवढासा लाल चेहरा बाहेर डोकावत होता. “आजोबा, घ्या नातीला.”

बाबा उठले. हात पुढे केले, थरथरणाऱ्या हातांकडे पाहिलं आणि मागे घेतले. “हिला द्या,” ते म्हणाले. “मावशीला.”

“मी?” माझा आवाज फुटला. “मला येत नाही! पडली म्हणजे?”

“मान धर. एक हात मानेखाली, एक पाठीखाली. मी हाताखाली हात धरतो.”

नर्सने ती माझ्या हातांत ठेवली. काहीच वजन नव्हतं, आणि तरी जराही हलायची माझी हिंमत होईना. बाबांनी खालून आपले दोन्ही हात माझ्या हातांना लावले. तिने जांभई दिली, डोळे मिटूनच, आम्हा दोघांवर बेफिकीर विश्वास टाकून.

“बाबा,” मी म्हटलं, “तुमचे हात अजून थरथरतायत.”

“तुझेही,” बाबा म्हणाले. “सोडू नकोस.”